खुब्याच्या सांध्याचा गोळा: धातूचा की सिरॅमिकचा?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या आत्याचा खुबा बदलायचाय. कृत्रिम सांध्यात मांडीच्या हाडाच्या टोकाला गोळा असतो, तो कमरेच्या हाडात बसवलेल्या वाटीत फिरतो. वाटी दोन्ही पर्यायांत पॉलिथिलीन या प्लास्टिकचीच, अडलंय गोळ्यावर.

खर्चात धातूचा स्वस्त. घर्षणात मात्र सिरॅमिक सरस: जास्त गुळगुळीत, सहसा ओरखडा पडत नाही, म्हणून वाटी कमी झिजते. खरी मेख इथेच आहे. झिजेचे बारीक कण शरीरातल्या पेशी गिळतात, त्या दाहात आजूबाजूचं हाड विरघळतं आणि घट्ट बसलेला सांधा सैल होतो. 1962 मध्ये ब्रिटिश सर्जन जॉन चार्नलींनी पॉलिथिलीनच्या वाटीत जेमतेम 22 मिलिमीटरचा गोळा बसवला, तो घर्षण कमी करायलाच.

सिरॅमिक क्वचित फुटतं. फुटलं तर तुकडे वेचणं कठीण.

आत्या चौऱ्याहत्तरची, फिरणं जवळच्या तलावपाळीपर्यंत. तिला माझ्या मते धातूचा पुरेसा. पन्नाशीत रोज लोकलचे जिने चढणाऱ्यांनी सिरॅमिकसाठी जास्तीचे पैसे जरूर मोजावेत.