जेडएफचं ८एचपी ऑइल किट: ‘लाइफटाइम’ तेल बदलायचं असेल तर हेच घ्या

बीएमडब्ल्यू, जॅग्वार, लँड रोव्हर, ऑडीच्या बऱ्याच गाड्यांत जेडएफचा ८एचपी हा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. त्याचं तेल कित्येक गाड्यांच्या सर्व्हिस वेळापत्रकात नसतंच. विचारलं तर ‘लाइफटाइम आहे, हात लावू नका’ असं सांगतात. गिअरबॉक्स बनवणारी जेडएफ मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी तेल बदला म्हणते, आणि त्यासाठी स्वतःचं किटही विकते. आमच्या मते इथे जेडएफचं ऐकावं.

किटमध्ये प्लॅस्टिकचा पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं), गॅस्केट, चुंबक, नवे स्क्रू आणि लाइफगार्ड फ्लुइड ८ हे ७ लिटर तेल येतं. फिल्टर पॅनमध्येच घट्ट बसवलेला असल्यामुळे तो सुटा बदलता येत नाही, अख्खा पॅनच बदलावा लागतो. म्हणून किट महाग पडतं. पण जुना पॅन तसाच ठेवून नुसतं तेल बदलणं म्हणजे नवं तेल जुन्या गाळातून फिरवणं. काही मॉडेलांत धातूचा पॅन आणि वेगळा फिल्टर असतो, त्यामुळे गाडीचं नाव सांगून किट मागवू नका. गिअरबॉक्सवरच्या पाटीचा क्रमांक द्या.

हे तेल खराब का होतं? इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दोघांना थेट जोडणारा लॉकअप क्लच असतो, आणि तो मुद्दाम थोडा घसरत चालवलेला असतो. त्यातून उष्णता निघते आणि क्लचच्या अस्तराची बारीक पूड तेलात मिसळते. चुंबक फक्त लोखंडाचा कीस धरतं, अस्तराची पूड धरत नाही. फिल्टरमधून सुटलेली पूड मेकॅट्रॉनिकच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या नियंत्रण युनिटच्या, व्हॉल्व्हपर्यंत जाते. मग थांबताना दुसऱ्यातून पहिल्या गिअरला झटका बसतो, किंवा कमी आरपीएमवर गाडी थरथरते. घाटात आणि सिग्नलच्या गर्दीत रोज चालणाऱ्या गाडीसाठी ८०,००० चाच आकडा धरा. क्लच जळून गिअर घसरायला लागला असेल, तर नव्या तेलाने तो दुरुस्त होत नाही.

खरी चूक होते ती तेल भरताना. या गिअरबॉक्सला तेलाची पातळी बघायची डिपस्टिक नाही. गाडी रॅम्पवर अगदी समतल हवी. भरायचा बोल्ट आधी सैल करून बघा आणि मगच खालचा काढा. वरचा अडकला आणि तेल आधीच गेलं, तर गाडी तिथेच उभी राहते. पॅनचे स्क्रू आडव्या-तिरप्या क्रमाने, टॉर्क पान्यानेच आवळा, कारण जास्त जोर लावला की प्लॅस्टिक वाकतं आणि गळती सुरू होते. भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत तेल भरा, इंजिन सुरू करा, पुन्हा भरा. ब्रेक दाबून पी, आर, एन, डी प्रत्येकी काही सेकंद फिरवा आणि पी मध्ये आणा. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं तपासणी यंत्र) गिअरबॉक्सचं तापमान ३० ते ५० अंशांत असताना, इंजिन चालू ठेवूनच, बारीक धार थांबत आली की बोल्ट लावा. तापलेल्या गिअरबॉक्सवर हे केलं तर फुगलेलं तेल बाहेर जातं आणि थंड झाल्यावर पातळी कमी पडते. काम करणाऱ्याकडे स्कॅनर नसेल तर त्याला हे काम देऊ नका.

गिअरबॉक्समध्ये साधारण साडेआठ-नऊ लिटर तेल असतं, पण पॅन उघडल्यावर निघतं पाच-सहा लिटरच. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं, त्यामुळे किटमधलं ७ लिटर तेल पुरतं. ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ म्हणून दिलेलं तेल यात घालू नका. लाइफगार्ड ८ हिरवट दिसतं. लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नेहमीचं तेल) समोर आलं तर काम तिथेच थांबवा.

मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीचं) तेलही असंच ‘लाइफटाइम’ म्हणून विसरलं जातं. गाडी रॅम्पवर असताना तेही बदलून घ्या, एखाद-दीड लिटरचंच काम आहे.