न्यू मेक्सिको घ्यावा की कॅलिफोर्निया? पेपरचा प्रांत ठरत नसेल तर

मेक्सिकोच्या राजवटीत सरहद्दीवरच्या गव्हर्नरांनी जमिनी कशा वाटल्या यावर पेपर लिहायचाय आणि प्रांत ठरत नाहीये? माझं मत आधीच सांगतो, न्यू मेक्सिको घ्या. पण कॅलिफोर्निया का सोडायचा तेही ऐका, कारण सोपा तोच आहे.

कायदा दोन्हीकडे एकच, 1824 चा. एका माणसाला जास्तीत जास्त 11 चौरस लीग (लीग हे तेव्हाचं माप), म्हणजे ढोबळ 48 हजार एकर. कॅलिफोर्नियात 1834 पासून मिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मप्रसार ठाण्यांच्या, जमिनी मोकळ्या झाल्या, त्यातला वाटा तिथल्या मूळनिवासी (अमेरिकन इंडियन) लोकांना जायचा होता, प्रत्यक्षात बहुतेक गेला रँचोवाल्यांच्या, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणांच्या मालकांच्या, घशात. गव्हर्नर आल्वाराडोने 1841 ला सटर नावाच्या एकट्या वसाहतकाराला पुऱ्या 11 लीग देऊन टाकल्या, आणि नंतरचा गव्हर्नर पिओ पिको तर अमेरिकन सैन्य दारात आलं तरी वाटतच होता, मागची तारीख टाकल्याचे आरोप झाले ते याच्याच कागदांवर. अर्जाला हाताने काढलेला 'दिसेन्यो' जोडायचा, एक टेकडी, एक ओढा, दोन-चार झाडं, झाला नकाशा! आणि मोजणी दोन घोडेस्वार दोरी धरून करणार, ती ओली झाली की लांबी बदलली. वाचायला मजा येते, शिवाय प्रांत अमेरिकेकडे गेल्यावर जुने जमीनहक्क तपासायला केलेल्या 1851 च्या कायद्याखाली आलेल्या 813 दाव्यांच्या फायली लागलेल्या आहेत, त्यामुळे वेळ कमी असेल तर खुशाल हेच घ्या.

पण न्यू मेक्सिकोचा गव्हर्नर आर्मिहो म्हणजे वेगळंच प्रकरण. 8 जानेवारी 1841 ला बोबियाँ आणि मिरांडा या दोघांनी अर्ज केला, 11 तारखेला मंजूर, तीन दिवसांत! मिरांडा त्याचाच सेक्रेटरी, आणि पुढे त्या जमिनीत पाव हिस्सा खुद्द आर्मिहोचा. ताओसच्या पाद्री मार्तिनेझने विरोध केला, पण शेवटी जमीन बोबियाँ-मिरांडाकडेच राहिली. कायद्याने दोघांना मिळून 97 हजार एकरच्या आसपास बसायला हवी होती, पुढे अमेरिकन मोजणीत ती निघाली 17 लाख एकरच्या वर आणि 1887 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तीही मान्य केली. हीच ती मॅक्सवेल ग्रँट (ग्रँट म्हणजे सरकारने दिलेली जमीन), मॅक्सवेल म्हणजे बोबियाँचा जावई.

आता याच्या शेजारी न्यू मेक्सिकोचीच सान मिगेल देल वादो ही ग्रँट ठेवून बघा. ही स्पेनच्या काळातली, 1794 ची, अख्ख्या वस्तीला मिळालेली जमीन, घरटी घर आणि पाटाच्या पाण्याखालचा पट्टा, बाकी रान सगळ्यांचं, आपल्या गायरानासारखं. दावा होता 3 लाख 15 हजार एकरांचा. 1897 ला त्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सामायिक रान सरकारचं, वस्तीच्या हाती उरले जेमतेम 5 हजार एकर. एवढी उघड तफावत कॅलिफोर्नियात सापडत नाही, तिथे बहुतेक ग्रँट एकेका माणसाच्याच नावावर.

स्पॅनिश कच्चं असेल तर या दोन निकालांपासूनच सुरुवात करा, दोन्ही इंग्रजीत आहेत.