बंदर निवडत बसलो आणि २,६३,७२५ रुपये गेले

आधी आकडा सांगतो. दोन लाख त्रेसष्ट हजार सातशे पंचवीस रुपये, कधी नव्हतीच अशा एका क्रूझच्या बुकिंगवर गेलेले. त्याशिवाय मुंबई-कोची विमानाची पाच माणसांची तिकिटं ३५,९०० आणि कोचीत एका रात्रीच्या दोन खोल्यांचे ६,४००. हे सगळं लिहायला मला सात महिने लागले. बायको सोडून कुणाला पूर्ण आकडा माहीत नव्हता, सख्ख्या भावालाही मी "लाखभर गेले" एवढंच सांगितलं होतं. आता लिहितोय, कारण ज्याने फसवलं तोच एजंट अजून धंदा करतोय.

आईची सत्तरी १३ जुलैला होती. तिला समुद्रात एकदा मोठ्या जहाजातून जायचं होतं. बाबा मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये छत्तीस वर्षं होते, पण आईने जहाज पाहिलं ते कायम गेटच्या बाहेरून. आई, बाबा, मी, बायको आणि मुलगा, अशा पाच जणांचं बघत होतो. ऑफिसमधल्या एकाने एजंटचा नंबर दिला. त्याने स्वतः या माणसाकडून गोव्याचं हॉटेल घेतलं होतं आणि ते व्यवस्थित मिळालं होतं. म्हणजे मी कुठल्यातरी लिंकवर क्लिक करून फसलेला नाही. ओळखीतून गेलो, फोनवर आठ-दहा वेळा बोललो, दादरच्या ऑफिसच्या पाटीचा फोटो मागवला. माणूस अस्सल मराठी बोलणारा, आईबाबांना "काका-काकू" म्हणणारा.

पहिल्या फोनला त्याने पैशांचं नावही काढलं नाही. विचारलं काय, तर "सर, बंदर कुठलं घ्यायचं? काका-काकूंना कुठलं सोयीचं पडेल?" मुंबई, कोची, चेन्नई की सिंगापूर. माझ्या मते फसवणूक तिथेच झाली, बाकी नुसती वसुली. आठवडाभर आमच्या घरी बंदरावर चर्चा. सिंगापूर बाद, कारण आईबाबांचे पासपोर्ट नाहीत आणि परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आधीच कापून घेतला जाणारा कर, लागतो तो वेगळाच. चेन्नई म्हणजे विमान आलं, आदल्या रात्रीचं हॉटेल आलं. कोचीचं तेच. मुंबई म्हणजे टॅक्सी केली की बॅलार्ड पिअर. हा हिशोब चुकीचा नाही, कुणीही असाच करेल. जहाज कुणासाठी थांबत नाही, बोर्डिंग काही तास आधी बंद होतं, म्हणून बाहेरगावचं बंदर घेतलं की आदल्या दिवशी जाऊन राहावंच लागतं. हे सगळं त्याने मला नीट समजावून सांगितलं, आणि सगळं खरं होतं. खोटी होती एकच गोष्ट. त्या तारखेला, त्या बंदरात जहाजच नव्हतं. चार बंदरांत तुलना करणाऱ्या माणसाच्या डोक्यात हा प्रश्न येतच नाही.

माझ्या डोक्यात मात्र यायला हवा होता. आमचं गाव हर्णैजवळ. बाबा लहानपणी मुंबईला आले ते कोकण बोटीने, भाऊच्या धक्क्यावर उतरून. पावसाळ्यात बोट बंद, हे आमच्याकडे शाळेत शिकवावं लागत नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, मांडव्याच्या लाँचा बंद असतात, नारळी पौर्णिमेला नारळ पडल्याशिवाय कोळी होडी पाण्यात घालत नाही. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. आमच्या आजीच्या तोंडून ती गोष्ट मी शंभर वेळा ऐकलेली आहे. आणि मी ११ जुलैचं मुंबई-गोवा-लक्षद्वीप-मुंबईचं बुकिंग केलं.

बाबांनी विचारलं होतं. मी टोकन भरलं त्या दिवशी, १४ मार्चला, ते वर्तमानपत्र वाचत बसले होते. चष्मा वर करून म्हणाले, "जुलैत? अरे, माल वर्षभर येतो, पण जुलैत हौशी माणसं घेऊन मुंबईतून कोण निघतं?" मी म्हणालो, "बाबा, तुमचा काळ गेला. आता जहाजांना स्टॅबिलायझर असतात. ऑफ सीझन आहे म्हणून तर स्वस्तात मिळतंय." यातला एकही शब्द माझा नव्हता. सगळे एजंटचे, आदल्याच दिवशी फोनवर ऐकलेले. बाबा परत पेपर वाचायला लागले. छत्तीस वर्षं गोदीत काढलेला माणूस समोर बसलेला, त्याचा एक सरळ प्रश्न, आणि मी त्याला गप्प केलं. पैसे एकवेळ विसरेन, हे विसरत नाही.

नंतर शोधलं तेव्हा पाच मिनिटांत कळलं. पावसाळ्यात क्रूझ पश्चिम किनारा सोडून चेन्नईच्या बाजूला नेतात, कारण तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमधला. २०२३ च्या जूनमध्ये चेन्नईहून श्रीलंकेची क्रूझ सुरू झाली त्याच्या बातम्याही आहेत. म्हणजे जूनपासून ऑगस्टपर्यंत कुणी तुम्हाला मुंबई किंवा गोव्याहून क्रूझ देत असेल, तर आधी कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन ती तारीख आणि ते बंदर टाकून बघा. एजंटने पाठवलेल्या पीडीएफमध्ये बघू नका.

आता पैसे कसे गेले ते. माणशी ३८,५०० प्रमाणे १,९२,५००. पोर्ट चार्जेस माणशी २,४००, म्हणजे १२,०००. त्यावर पाच टक्के जीएसटी १०,२२५. एकूण २,१४,७२५. यातले २१,००० मार्चमध्ये टोकन, १ लाख २ एप्रिलला, ९३,७२५ ९ मेला. आकडे बघा, किती खरे वाटतात! गोल रक्कम सांगितली असती तर मला कदाचित शंका आली असती. ६ जूनला "बाल्कनीची केबिन रिकामी झालीय, काकूंना समुद्र दिसेल" म्हणून आणखी १८,०००.

पैसे पाठवताना मोबाइलवर नाव आलं ते एजन्सीचं नाही, कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं. विचारलं तर म्हणाला, "सर, ती आमची सिस्टर कंपनी." बिलावरचा जीएसटी नंबर ०७ ने सुरू होत होता. ०७ म्हणजे दिल्ली, महाराष्ट्राचा २७ असतो. दादरचं ऑफिस आणि दिल्लीचा नंबर! मी रोज ऑफिसात बिलं तपासतो, मला हे तोंडपाठ आहे. पण ते कामाचं बिल नव्हतं, आईच्या वाढदिवसाचं होतं, आणि मी खालची रक्कम तेवढी बघितली. तुम्ही जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून बघा, कुणाच्या नावावर आहे ते तिथल्या तिथे दिसतं, फुकट.

मग ३ जुलै. फोन आला, आवाज काळजीचा. हवामानामुळे जहाज मुंबईऐवजी कोचीहून निघणार. माणशी ६,२०० फरक, पाच जणांचे ३१,०००. नको असेल तर नव्वद दिवसांनी रिफंड. बघा, बंदर बदललं! बाबांच्या मनात जी शंका होती तिचं उत्तर त्यानेच आणून दिलं. मी बाबांना म्हणालोसुद्धा, "तुमचंच बरोबर होतं, मुंबईहून नाही सोडत." आणि ३१,००० भरले. खरी कंपनी बंदर बदलते तेव्हा स्वतः सगळ्या प्रवाशांना कळवते, वेबसाइटवर टाकते, आणि बंदर त्यांनीच बदललं तर फरक तुमच्याकडे कशाला मागेल? पण हातात आधीच सव्वादोन लाखांहून जास्त अडकलेले असले की माणूस ३१,००० भरतो. भरू नका. बंदर बदलल्याचा फोन आला की फोन ठेवा आणि कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून तिथे बुकिंग नंबर सांगा. माझ्या व्हाउचरवर "हेल्पलाइन" म्हणून जो नंबर होता, तो त्याचाच दुसरा नंबर निघाला.

१० जुलैला कोचीला गेलो. ११ ला सकाळी त्याचा फोन बंद. मी म्हटलं, रेंज नसेल. विलिंग्डन बेटावर क्रूझ टर्मिनलच्या गेटवर टॅक्सीतून उतरलो तेव्हा पाऊस असा की समोरचं दिसेना. त्याने रंगीत लगेज टॅग पाठवले होते, केबिन नंबर आणि डेकसकट. आईने ते घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॅगांच्या मुठीला दोऱ्याने शिवले होते, पावसात भिजून नंबर पुसला जाऊ नये म्हणून. गेटवरच्या जवानाने व्हाउचर दोन्ही बाजूंनी बघितलं, मग टॅग बघितले, आणि हळू आवाजात म्हणाला, "आज कोई जहाज़ नहीं है सर. इस हफ़्ते कोई नहीं." बाबा काहीच बोलले नाहीत. आतल्या बाजूला रिकाम्या धक्क्याकडे बघत उभे राहिले. त्यांना त्या धक्क्याकडे बघूनच कळलं होतं. बंदरं येणाऱ्या जहाजांची यादी आपापल्या वेबसाइटवर टाकतात, हे मला बाबांनी परतीच्या विमानात सांगितलं. आधी विचारलं असतं तर आधी सांगितलं असतं.

मी तिथूनच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन नंबर, लावायला हवा होता. लावला दुसऱ्या दिवशी रात्री, घरी आल्यावर. आई रडत होती, मुलाला ताप आला होता, मला आधी सगळ्यांना घरी आणायचं होतं. तुम्ही असं करू नका. जिथे उभे असाल तिथून १९३० लावा, लाइन लागत नसेल तर सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाका. पैसे खात्यातून पुढे जायच्या आत तक्रार पोचली तरच काही अडतं.

पुढचं ऐका. १९३० वर तक्रार झाली, पोच नंबर आला. बँकेत गेलो तर उत्तर मिळालं, "तुम्ही स्वतः पाठवलेत, स्वतःचा पिन टाकलात, आम्ही काय करणार?" पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी अडीच तास बसवलं आणि सांगितलं, "हा पैशाच्या देवाणघेवाणीचा वाद आहे, ग्राहक मंचात जा." दुसऱ्या दिवशी वेगळे साहेब. ते म्हणाले, "जहाज कोचीहून होतं ना? मग तिथे गुन्हा दाखल करा." मी म्हटलं, जहाज नव्हतंच. ते म्हणाले, "तेच, जिथे नव्हतं तिथे." खातं दिल्लीचं, म्हणून तिसऱ्याने दिल्ली दाखवली. ऑफिस दादरचं, म्हणून चौथ्याने दादर. बुकिंग मुंबईचं की कोचीचं, यावर त्यांनी माझ्यासमोर वाद घातला! त्या भामट्याने बंदर बदललं ते फक्त ३१,००० साठी नाही, हे मला तेव्हा कळलं. दर बदललेल्या शहरामागे एक पोलीस ठाणं हात झटकायला मोकळं होतं.

मग एका वकील मित्राने सांगितलं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते, तिला झिरो एफआयआर म्हणतात. न्याय संहितेचं कलम ३१८(४), फसवणुकीचं, आपण अर्जात स्वतः लिहायचं. मी लिहून नेलं, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागितला. शिक्का मिळायला तीन फेऱ्या. गुन्हा दाखल व्हायला एकोणचाळीस दिवस. एकोणचाळीस! तपास करणाऱ्यांची मधे बदली झाली, नव्या माणसाने मला परत सगळे स्क्रीनशॉट प्रिंट काढून आणायला लावले, रंगीत. माझ्यासमोर एका हवालदाराने विचारलं, "एवढे शिकलेले आहात, कळलं नाही का?" नाही कळलं. म्हणून तर तुमच्याकडे आलो.

खात्यात गोठवलेली रक्कम ११,२४० रुपये. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केलीय, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, तेवढं बरं. नोटीस दादरच्या पत्त्यावर गेली आणि परत आली. त्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीचा फोटो मागवण्याऐवजी मी स्वतः जाऊन आलो असतो तर? लोकलने चाळीस मिनिटं लागतात मला दादरला.

आणि आधार कार्डं. पाचही जणांच्या आधारचे फोटो त्याच्याकडे आहेत. कुणालाही आधार पाठवायचंच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार पाठवा, आधारच्या वेबसाइटवरून उतरवता येतं. आम्ही आता सगळ्यांचं बायोमेट्रिक लॉक केलंय.

गेल्या आठवड्यात भावाच्या मित्राचा मला फोन आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की मी क्रूझचं बघितलं होतं. म्हणाला, एजंट चांगला वाटतोय, मराठी आहे, फक्त कोचीहून घ्यावी की चेन्नईहून तेवढं ठरत नाहीये. मी नंबर विचारला. नंबर वेगळा होता, पण त्याने पाठवलेलं व्हाउचर उघडलं तर लगेज टॅगवर आमचाच डेक, आमचाच केबिन नंबर. या मित्राने त्याच दिवशी सकाळी ११ वाजता २१,००० भरले होते. तेव्हा सव्वाबारा झाले होते. त्याचा फोन चालूच ठेवायला सांगितला आणि बायकोच्या मोबाइलवरून १९३० लावायला लावला.