राजसत्तेचा भिंततक्ता : छपाई उत्तम, पट्टी मात्र एकच

सोलापुरात नवी पेठेतल्या शालेय साहित्याच्या दुकानांत राजे-राण्यांच्या सत्तेचा इतिहास दाखवणारा एक मराठी भिंततक्ता मिळतो. उंची ३ फूट, रुंदी २ फूट, दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन, वर-खाली पत्र्याची पट्टी. डावीकडे युरोप, उजवीकडे भारत आणि मधून १२१५ पासून १९७१ पर्यंत निमुळती होत जाणारी लाल पट्टी. पट्टी रुंद तिथे सत्ता जास्त, अरुंद तिथे कमी. शाळांचे वर्ग आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका डोळ्यांसमोर ठेवून तो काढलेला दिसतो.

अक्षर ठळक आहे, शेवटच्या बाकावरूनही सनावळी वाचता येते. जोडाक्षरे कुठेही फुटलेली नाहीत, आणि मराठी तक्त्यांत हे दुर्मीळच. टांगायची सोय मात्र कच्ची. वरच्या पत्र्याला मधोमध एकच भोक असल्याने पंखा लागला की तक्ता कलतो. दोन्ही कडांपासून ६-६ इंचांवर भोके पाडून दोन खिळ्यांवर लावावा. दुहेरी चिकटपट्टीच्या वाटेला जाऊ नये. सोलापूरच्या मे महिन्यात तिचा गोंद मऊ पडतो आणि भिंतीचा रंग घेऊनच ती खाली येते.

खरी अडचण त्या लाल पट्टीत आहे. राजाची सत्ता ही एकच वस्तू नव्हे. कर बसवणे, फौज ठेवणे, कायदा करणे किंवा रोखणे, मंत्री नेमणे आणि न्याय देणे हे पाच वेगळे अधिकार आहेत आणि ते वेगवेगळ्या वेळी हातातून गेले. तक्त्यात १२१५ ला, म्हणजे इंग्लंडच्या राजाने दिलेल्या मॅग्ना कार्टा या हक्कांच्या सनदेपाशी, पट्टी एकदम अर्धी होते. प्रत्यक्षात ती सनद दहा आठवड्यांत पोपने रद्द ठरवली होती. ती टिकली १२२५ मध्ये, कारण तेव्हा तिसऱ्या हेन्रीने कराच्या बदल्यात ती पुन्हा दिली. ‘पैसे हवेत तर हक्क मान्य करा’ हा व्यवहार पुढची साडेचारशे वर्षे चालला. पहिल्या चार्ल्सने १६२९ ते १६४० पार्लमेंटविना राज्य केले, पण स्कॉटलंडशी युद्ध पेटताच पैशासाठी त्याला पार्लमेंट बोलवावेच लागले आणि १६४९ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. कर आणि शांतताकाळातली खडी फौज पार्लमेंटच्या संमतीखाली आली ती १६८९ मध्ये. विधेयक नाकारण्याचा अधिकार इंग्लंडच्या गादीने शेवटचा वापरला १७०८ मध्ये, राणी अ‍ॅनने. चौथ्या विल्यमने १८३४ मध्ये पंतप्रधान मेलबर्नचे मंत्रिमंडळ काढून टाकले खरे, पण त्याने नेमलेल्या नव्या मंत्रिमंडळाला निवडणुकीत बहुमत मिळाले नाही आणि काही महिन्यांत मेलबर्नलाच परत बोलवावे लागले. एका पट्टीत हे मावणार कसे?

शिवाय सत्ता सगळीकडे घटतच गेली असेही नाही. डेन्मार्कमध्ये १६६० नंतर ती वाढली. १६६५ च्या राजकायद्याने राजा अनियंत्रित झाला आणि हे १८४९ च्या राज्यघटनेपर्यंत चालले. फ्रान्समध्ये १६१४ नंतर थेट १७८९ पर्यंत इस्टेट्स जनरल ही प्रतिनिधी सभा भरलीच नाही. सतराव्या शतकात पट्टी रुंदावायला हवी होती.

भारताच्या बाजूला १६७४ चा राज्याभिषेक आणि अष्टप्रधान मंडळ नीट दिले आहे. पण तिथून उडी थेट १८१८ वर! मधला सांगोल्याचा करारच गायब आहे, आणि सोलापूर जिल्ह्यात विकल्या जाणाऱ्या तक्त्यात हे फार खटकते. साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्ये गेले. १७५० मध्ये सांगोल्यात छत्रपती रामराजांनी कारभाराची सूत्रे पेशव्यांच्या हाती दिली. लढाई न होता, गादी न बदलता सत्ता साताऱ्याहून पुण्याला गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले. तरीही पेशवेपदाची वस्त्रे पुढे साताऱ्याहूनच येत राहिली. अधिकार गेला, मान राहिला. मुलांना हा फरक समजावायला याहून चांगले उदाहरण नाही.

राण्यांना तर फक्त चौकटीतली चित्रे मिळाली आहेत. चांदबिबीच्या लग्नात सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून विजापूरकडे गेला. पुढे तिने विजापूरला अल्पवयीन इब्राहिम आदिलशहाच्या नावाने कारभार पाहिला आणि १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांपासून अहमदनगर राखले. ताराबाईंचा कारभारही लहान मुलाच्या नावानेच सुरू झाला. इंग्लंडमध्ये मात्र १५५४ च्या कायद्याने गादीवरच्या राणीचे अधिकार राजाइतकेच ठरवले. पालक राणी आणि गादीवरची राणी हा भेद दोन ओळींत छापता आला असता.

दुरुस्ती घरच्या घरी होते. लाल पट्टीशेजारच्या मोकळ्या जागेत पाच रंगांच्या, १ सेंटीमीटर रुंदीच्या घोटीव कागदाच्या पट्ट्या पारदर्शक चिकटपट्टीने लावाव्यात, एका अधिकाराला एक. अधिकार गेला त्या सालाशी पट्टी कापायची. डिंक वापरू नये, लॅमिनेशनवर तो धरत नाही. नोंदींसाठी काचेवर चालणारे मार्कर पेन घ्यावे. चुकले तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसता येते.

परीक्षेला बसणाऱ्यांनी शेवटची चौकट आधी दुरुस्त करावी. संस्थानिकांचे तनखे राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद झाले असे तिथे छापले आहे. तो १९७० चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात रद्द केला होता. तनखे संपले ते १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने. वर्गात शिक्षक सोबत असतील तर तक्ता जरूर घ्यावा. एकट्याने पाठांतर करणाऱ्याने एवढी खाडाखोड केल्याशिवाय तो भिंतीवर लावू नये.