उलटा लागणारच नाही असा कनेक्टर: रिलिमेट, एक्सएच, एक्सटी की जीएक्स?

ठिबकचा कंट्रोलर टेबलावर कितीही नीट चालला, तरी बागेत रात्रीच्या लाइटला, बॅटरीच्या उजेडात त्याची वायर काढून परत लावणारा माणूस वेगळाच असतो. कनेक्टर निवडायचा तो त्याच्यासाठी. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत माझा बोर्ड असाच जळाला. मी साध्या बर्ग पिना, म्हणजे बोर्डावरच्या उघड्या उभ्या पिना, ठेवल्या होत्या. १२ व्होल्टची बॅटरी उलटी लागली आणि रेग्युलेटर (बोर्डाला लागेल तेवढाच व्होल्टेज देणारा भाग) फुटला. “दादा, होती तशीच लावली हो,” पोरगा कळवळून सांगत होता. चूक त्याची नव्हती, माझी होती. उलटं लागू शकेल असं काही मी त्याच्या हातात द्यायलाच नको होतं.

बर्ग पिना आणि त्यांवर नुसत्या खोचायच्या जंपर वायर म्हणूनच प्रयोगापुरत्याच.

कंट्रोलरच्या डब्याच्या आत खरी निवड रिलिमेट की एक्सएच, एवढीच; दोन्ही बोर्डावर वायर जोडायचे छोटे प्लास्टिकचे कनेक्टर. रिलिमेट स्वस्त आणि सहज मिळणारा. पण त्याला मागे एकच उभी पट्टी असते, बाकी बाजू उघड्या. उलटा लावला तर अडतो. मात्र घाईत अंगठ्याने जोर दिला की पट्टी वाकते आणि तो बसतो. एक्सएचला चारही बाजूंनी भिंत, त्यातल्या एका भिंतीत दोन खाचा. उलटा धरला की हाताला लगेच कळतं. साधारण ३ अँपिअरपर्यंत चालतो, म्हणजे सेन्सर आणि छोट्या रिलेला पुष्कळ. मी एक्सएचच घेतो. एक लक्षात ठेवा: याच्या पिनांमधलं अंतर २.५ मिमी, रिलिमेटचं २.५४. दोन-तीन पिनांत फरक जाणवत नाही, दहा पिनांत शेवटची पीन सुमारे ०.३६ मिमी सरकते. पीसीबीचं (छापील सर्किट बोर्डाचं) फूटप्रिंट, म्हणजे कनेक्टर बसायच्या भोकांची मांडणी, नेमकं एक्सएचचंच घ्या.

बॅटरीला एक्सटी३० किंवा एक्सटी६०, म्हणजे दोन पिनांचा पॉवरचा कनेक्टर. एक बाजू सपाट, दुसरीचे कोपरे कापलेले, त्यामुळे अंधारात चाचपूनही कळतं. सॉकेटची बाजू बॅटरीकडे ठेवा, नाहीतर उघड्या पिना पत्र्याला टेकून शॉर्ट होईल. बॅरल जॅक, म्हणजे अडॅप्टरची गोल पीन, तोही उलटा बसत नाही, पण १२ व्होल्टचा अडॅप्टर ५ व्होल्टच्या बोर्डात निमूट शिरतो. शेतावर तो नको.

डब्याबाहेर जाणाऱ्या वायरींना जीएक्स१६, हा गोल धातूचा कनेक्टर. १६ मिमीचं भोक, आत खाच, वरून आट्यांची रिंग. ओढ बसली तरी निघत नाही. सोल्डरिंगला वेळ जातो आणि साधा जीएक्स पाणी पूर्ण अडवत नाही. फवारणीचा विचार करून तो डब्याच्या तळाशी, तोंड खाली करून बसवा.

आता खाचेच्याही पुढची गोष्ट. खाच उलटं लावणं थांबवते, भलत्या जागी लावणं नाही. शेजारी शेजारी दोन सारखे जीएक्स ठेवलेत, तर व्हॉल्व्हची वायर सेन्सरमध्ये जाणारच. म्हणून पिनांची संख्याच वेगळी ठेवा: सेन्सरला तीन, व्हॉल्व्हला चार, त्यातल्या दोन रिकाम्या राहिल्या तरी चालतील. आणि तयार वायर लावलेली बॅटरी विकत आणली, तर लावण्याआधी मल्टीमीटर टेकवाच. कनेक्टर तोच असूनही लाल-काळ्याची जागा बनवणाऱ्यागणिक बदलते, आणि तिथे कुठलीच खाच कामाला येत नाही.