परक्या बंदरातली सरकारी धान्यखरेदी: एका अडत्याने केलेले परीक्षण

धान्याच्या घाऊक बाजारात पंचवीस वर्षे अडत केल्यामुळे जुन्या सरकारी खरेदीची हकिकत वाचतानाही माझी नजर आधी काट्याकडे आणि मग हिशेबपट्टीकडे जाते. परदेशी बंदरात बसलेल्या वाणिज्यदूताने आपल्या वसाहतीसाठी धान्य घेतले, तर त्यावर त्याला कमिशन द्यावे का, हा प्रश्न एके काळी खराच होता. १८२५ च्या कायद्याने पगार ठरेपर्यंत अनेक ब्रिटिश वाणिज्यदूत आणि १८५६ पर्यंत बरेचसे अमेरिकी वाणिज्यदूत शुल्कावर आणि स्वतःच्या व्यापारावर गुजराण करत असत. अशा माणसाने फुकट खरेदी करून द्यावी, ही अपेक्षा मला पटत नाही. मात्र कमिशन कशावर मोजायचे, यावर सगळे अवलंबून आहे, आणि त्याचा उत्तम नमुना म्हणून मी १७९० मधल्या बटावियाच्या (म्हणजे आजच्या जकार्ताच्या) खरेदीचे परीक्षण करत आहे.

सिडनीच्या नव्या वसाहतीत तेव्हा कोठार तळाला गेले होते. इंग्लंडहून आणलेल्या जुन्या तांदळात इतके किडे होते की ताटातला भात हलताना दिसे, आणि गव्हर्नर फिलिप यांच्याकडे जेवायला जाणाऱ्यांनी आपला पाव बरोबर न्यायचा, असा रिवाज पडला होता. मार्चमध्ये ‘सिरियस’ हे जहाज नॉरफोक बेटाजवळ फुटल्यावर एप्रिलमध्ये लेफ्टनंट बॉल ‘सप्लाय’ हे जहाज घेऊन डचांच्या बटावियाला निघाले. तिथे परक्या जहाजांचे व्यवहार शाहबंदर या अधिकाऱ्यामार्फत चालत. घाईत आलेले गिऱ्हाईक, हाती एकच बंदर आणि बोलणी करायला परक्या सरकारचा माणूस, अशा वेळी भाव कसा निघतो हे कोणत्याही बाजारात बसणाऱ्याला सांगायला नको.

माल आणण्यासाठी भाड्याने घेतलेल्या डच जहाजाचे नाव होते ‘वाक्सामहाइड’, म्हणजे दक्षता. डिसेंबरात ते सिडनीला पोहोचले. गोमांस, डुकराचे मांस, थोडे पीठ, साखर आणि तांदूळ उतरवून कोठारात तोलले, तेव्हा तांदूळ ४०,००० पौंडांहून अधिक कमी भरला. थोडी घट आम्हीही धरतो, कारण बारदान झिरपते आणि दाणा वाळतो, पण एवढ्या तुटीला घट म्हणत नाहीत. शेवटी कप्तानाने कमी पडलेल्या तांदळाऐवजी लोणी द्यायचे कबूल केले. भात मागितलेल्या उपाशी माणसाला लोणी मिळणे ही भरपाई झाली की चेष्टा, हे वाचकांनी ठरवावे. यावर कडी म्हणजे, ‘सिरियस’चे खलाशी १७९१ मध्ये इंग्लंडला धाडण्यासाठी वसाहतीला त्याच कप्तानाचे जहाज पुन्हा भाड्याने घ्यावे लागले, कारण दुसरे जहाज नव्हते.

या सेवेला मी पाचपैकी दोन गुण देतो. एक गुण माल आला म्हणून आणि दुसरा कोठारात प्रत्यक्ष तोल झाला म्हणून, कारण तो झाला नसता तर तूट कळलीच नसती. उरलेले तीन गुण व्यवहाराच्या रचनेमुळे जातात. मध्यस्थाची अडत खरेदीच्या रकमेवर असली की भाव चढण्यात त्याचा तोटा काहीच नाही, आणि माल जहाजावर चढताच ती त्याच्या पदरात पडली तर पुढच्या तुटीशी त्याचा संबंधही उरत नाही. माझ्याकडेही एकदा तांदळाचा ट्रक आला होता. मूळ गावची वजनपावती चोख होती, पण आमच्या काट्यावर बारा पोती कमी भरली, आणि दलाली आगाऊ दिलेली असल्याने दलालाने नंतर फोनही उचलला नाही. तेव्हापासून उतरण्याच्या जागी वजन झाल्याशिवाय मी दलाली देत नाही. सरकारने आपल्या दूताला कमिशन जरूर द्यावे, पण ते टनामागे ठरवावे आणि आपल्या कोठाराच्या काट्यावरच चुकते करावे.

पुढची मोठी खरेदी कोलकात्यात झाली. तिथल्या इंग्रज पेढीमार्फत घेतलेला तांदूळ, रवा आणि डाळ घेऊन ‘अटलांटिक’ हे जहाज जून १७९२ मध्ये सिडनीला लागले. इंग्रजी नोंदींत हे जिन्नस ‘सूजी’ आणि ‘ढोल’ या नावांनी येतात, आणि गव्हाच्या पावावर वाढलेल्या त्या मंडळींना ते मुळीच रुचले नाहीत. यात मात्र मी पेढीला दोष देणार नाही. फोडणी कशी घालायची, हे मालाच्या पावतीवर लिहून देण्याची पद्धत आमच्या बाजारातही नाही.