8 दिवसांचं मौन रिट्रीट: हाताखाली माणसं असणाऱ्यांनी तर नक्की करा

नम्रतेवर प्रवचनं खूप ऐकलीत पण प्रत्यक्ष सराव करून घेणारी जागा क्वचित सापडते, म्हणून हे लिहितेय. जेझुइट या कॅथलिक संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची आध्यात्मिक साधना मुळात साधारण 30 दिवसांची, हे रिट्रीट (एकांतातली साधना) म्हणजे तिचं छोटं रूप. फोन बंद, बोलणं बंद, दिवसभरात चार-पाच वेळा तासतासभर प्रार्थना, रोज मिस्सा (कॅथलिक उपासना), आणि मार्गदर्शक सिस्टरशी (जोगिणीशी) रोज एकदाच भेट.

प्रार्थनेला बायबलमधला कुठला उतारा घ्यायचा हेसुद्धा आपण ठरवायचं नाही, त्या देतील तो घ्यायचा. दिवसभर दुसऱ्यांना सूचना देणाऱ्या माणसाला हे किती जड जातं ते करून बघा! मला योहानाच्या शुभवर्तमानाचा 13वा अध्याय दिला, येशू शिष्यांचे पाय धुतो तो. आजवर मी तो सेवेचा धडा म्हणूनच वाचत आले पण तास तास त्याच ओळींवर बसल्यावर त्यातला शिष्य पेत्र दिसायला लागला, तो म्हणतो माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत, म्हणजे प्रभूने आपल्याशी कसं वागायचं तेही त्यालाच ठरवायचंय. दुसऱ्याचे पाय धुताना निदान सूत्रं आपल्या हातात असतात, स्वतःचे पाय पुढे करताना तीही सुटतात, आणि मला वाटतं खरं समर्पण तिथेच सुरू होतं.

सगळ्यात जास्त मार्क सिस्टरना. एक जबाबदारीचं पद सोडू की नको असं मी सरळ विचारलं तर त्यांनी हो पण नाही म्हटलं आणि नाही पण नाही, फिलिप्पैकरांस पत्राचा 2रा अध्याय हातात दिला, ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं तो. इग्नेशियसने लिहूनच ठेवलंय की मार्गदर्शकाने तराजूच्या काट्यासारखं मध्ये राहायचं, कुठल्याच बाजूला झुकवायचं नाही, देवाला त्या माणसाशी थेट बोलू द्यायचं. म्हणजे अधिकार दोघांनीही खाली ठेवायचा. हे फार महत्त्वाचं आहे कारण आज्ञापालनाच्या नावाखाली माणसं दडपली जाऊ शकतात. व्रतस्थांच्या (व्रत घेतलेल्या धर्मसंघीयांच्या) बाबतीत तर चर्चचा कायदाच (कॅनन 630) सांगतो की वरिष्ठांनी कुणाला मन उघडं करायला भाग पाडू नये. कुठे "आम्ही सांगू तेच ऐका, तीच नम्रता" असं कानावर आलं तर बॅग उचला आणि निघा.

खटकलं ते एका संध्याकाळचं भाषण. इग्नेशियसने सांगितलेले नम्रतेचे तीन प्रकार अर्ध्या तासात उरकले, त्यातला तिसरा म्हणजे ख्रिस्तासोबत राहायचं म्हणून मानापेक्षा अपमान पसंत करणं, हे नवख्यांसमोर इतक्या घाईत ठेवू नये, घरी आधीच अपमान सोसणारी बाई यातून भलताच अर्थ घेईल. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 11 फेब्रुवारी 2013ला पद सोडत असल्याचं जाहीर केलं, ते उदाहरण मात्र छान मांडलं.

ताजं दुःख असेल किंवा औषधं चालू असतील तर नाव नोंदवतानाच सांगा. अगदी पहिल्यांदाच जात असाल तर आधी शनिवार-रविवारचं करून बघा, एकदम 8 दिवसांचं मौन झेपेलच असं नाही.